आक्काचा मोतीबिंदू आणि नातवाचे कार्ड

या सदरात मी आजवर लोणच्याच्या बरणीपासून पेन्शनीच्या रांगेपर्यंत नाना विषयांवर लिहिले. पण संगणकाच्या पोटातल्या एका कार्डावर लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. मी बोलूनचालून चित्रकलेचा मास्तर. छत्तीस वर्षे मुलींकडून पानाफुलांची नक्षी काढून घेतली आणि निवृत्त झालो. कार्ड म्हटले की मला शिधापत्रिका आठवते. फार तर लग्नाचे आमंत्रण. परंतु गेल्या वर्षी भाऊबीजेला मी आंबेगाव तालुक्यात, मंचरला, आक्काकडे गेलो आणि या प्रकरणात गळ्यापर्यंत अडकलो.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मला अजून ‘बाळ’ म्हणते, आणि पुण्यात चारचौघांत म्हणते. त्या संध्याकाळी तिने ओवाळायला निरांजन उचलले आणि ते माझ्या तोंडाऐवजी उजव्या कानाभोवती ओवाळू लागली. मी हळूच मान सरकवून घेतली. ओवाळून झाल्यावर ती अंगणातल्या आकाशकंदिलाकडे पाहत म्हणाली, “बाळ, हल्ली मला दिवाळी दुप्पट दिसते. एका कंदिलाचे चार दिसतात, न् प्रत्येकाभोवती खळं. फुकटात रोषणाई!”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिला पिकून आलेला. शिबिरात फुकट होते म्हणून भाच्याने तिला कितीदा सांगितले. पण डॉक्टर मी निवडणार, भिंगही मीच निवडणार, आणि पैसेही माझेच, असा तिचा हेका. त्यासाठी तिने दोन म्हशींच्या दुधातून बत्तीस हजार रुपये साठविले होते. ते कोठे ठेवले आहेत हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणाला ठाऊक नाही असे सर्व जण दाखवीत.

फराळाच्या ताटावर भाचा म्हणाला, “मामा, तुम्हीच काय ते सांगा हिला. ते पैसे ती नातवाला कार्डासाठी द्यायला निघालीय.”

“मला काय, दिसतंय तेवढं पुरे,” आक्का म्हणाली. “मार्चात त्याचा वाढदिवस आहे. पोराला एवढी एकच हौस.”

पोर अकरावीत. या भागात बिबट्याच्या धाकाने दिवेलागणीनंतर मुलांना कोणी बाहेर सोडत नाही. उसाच्या कडेला घर, आणि अंगणाच्या पलीकडे अंधार. तेव्हा पोर संध्याकाळी संगणकापुढे बसते याचा मला राग आला नाही. राग आला तो त्या तीस हजारांचा. पुण्यातल्या एका दुकानदाराने त्याला सांगितले होते की, तुझ्या जुन्या कार्डावर ‘रे ट्रेसिंग’ होतच नाही. नवे घे, तीस हजार पडतील. मी मास्तरी आवाज काढून म्हटले, “आधी मला समजावून सांग हे काय खूळ आहे. मग मी ठरवीन.” कोणी मला पंच नेमले नव्हते. पण पुण्याहून येणाऱ्या मामाला तेवढा मान मिळतो.

नातवाने संगणक लावला. कार्ड होते जीटीएक्स १०६०, सहा गिगाबाइट स्मृतीचे. २०१६ साली बाजारात आलेले आणि याने कोणाकडून तरी वापरलेले घेतलेले. पडद्यावर एक दालन दिसले. खांब, पायऱ्या, खांबांच्या सावल्या. मी म्हटले, “सावल्या तर आहेत की!”

“आजोबा, त्या खोट्या आहेत. आधीच रंगवून ठेवलेल्या. दिवा हलवला तरी त्या हलत नाहीत.”

हे मात्र मला चटकन समजले. आमच्या शाळेच्या संमेलनात राजवाड्याचा पडदा मी रंगवीत असे. खांबांची सावली उजवीकडे काढायची, मग नाटक चालू असता खरा दिवा कोठूनही येवो. एका वर्षी राजपुत्र हातात मशाल घेऊन थेट त्या पडद्यापाशी गेला. त्याची स्वतःची सावली डावीकडे पडली आणि माझ्या खांबांची उजवीकडेच राहिली. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते पाहिले होते! खेळांतला उजेड अनेक वर्षे मुख्यत्वे याच पडदेवाल्याच्या युक्तीने चालला. युक्ती हलकी नव्हे. उत्तम पडदा रंगविणाराला कला लागते; आणि आजही पुष्कळ सुंदर खेळ त्याच मार्गाने होतात.

रे ट्रेसिंग म्हणजे किरणांचा माग काढणे. येथे कोणी सावली रंगवीत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून डोळ्याच्या बाजूने एक किरण आत सोडायचा. तो कोठे आदळतो ते पाहायचे. तेथून दिव्याकडे दुसरा किरण सोडायचा. वाटेत काही आडवे आले तर तेथे सावली, नाही तर उजेड. पृष्ठभाग आरशासारखा असेल तर किरण परतवायचा, पाणी असेल तर वाकवायचा. प्रकाश दिव्याकडून डोळ्याकडे येतो आणि हे लोक उलटे का जातात, असे मी विचारले. कारण सोपे आहे. दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी आपल्या डोळ्यांत येतात ते थोडेच. उरलेल्यांचा हिशेब करणे म्हणजे गावभर आमंत्रणे वाटून घरच्या चौघांसाठी स्वयंपाक करणे होय. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५२५ सालच्या पुस्तकात एक चित्र आहे: भिंतीतल्या खिळ्याला दोरा बांधला आहे, त्याचे दुसरे टोक एक माणूस वाद्याच्या एकेका बिंदूवर टेकवतो, आणि मधल्या चौकटीतून दोरा जेथून जातो तेथे दुसरा माणूस खूण करतो. हा दोरा म्हणजे किरणच. वर्गात हे चित्र मी अनेकदा दाखविले आहे. पण तोच दोरा आक्काच्या बत्तीस हजारांभोवती गुंडाळला जाईल, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

संगणकावर हा प्रयोग अमेरिकेत १९६८ साली आर्थर अॅपल यांनी मांडला. पुढे टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली एक चित्र प्रसिद्ध केले. चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोल, एक आरशाचा आणि एक काचेचा. त्या एका चित्राला त्या काळच्या मोठ्या संगणकाला ७४ मिनिटे लागली. सिनेमावाल्यांना असे थांबणे परवडते; रात्रभर यंत्र चालवावे, सकाळी चित्र घ्यावे. खेळाला परवडत नाही. खेळणाऱ्याने मान वळविली की चित्र बदलले पाहिजे, आणि ते सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा हिस्सा. माझ्या नातवाचा पडदा १,९२० आडवे आणि १,०८० उभे ठिपके असलेला. एकूण २०,७३,६०० ठिपके. एवढ्यांतून किरण सोडायचे, तेही एका पापणीच्या लवण्याच्या आत अनेकदा.

येथे दुकानदाराचे म्हणणे तपासावयाचे होते. जुन्या कार्डावर होत नाही, की लवकर होत नाही?

किरण कोठे आदळला हे शोधणे, हे यातले खरे कष्टाचे काम. दालनातली प्रत्येक वस्तू लहानलहान त्रिकोणांची केलेली असते, आणि ते त्रिकोण लाखांनी असतात. प्रत्येक किरणाला प्रत्येक त्रिकोणापाशी नेऊन ‘तू याला लागलास का?’ असे विचारीत बसले तर पुढची दिवाळी उजाडेल. म्हणून त्रिकोणांना पेटीत घालतात, त्या पेट्या मोठ्या पेटीत, त्या आणखी मोठ्या पेटीत. भाचा शेतकरी; त्याला मी हे सातबाऱ्यावर समजावले. मंचरच्या एका शेताचा उतारा काढायचा तर आपण महाराष्ट्रातले सारे गट चाळीत नाही. जिल्हा पुणे, तालुका आंबेगाव, गाव मंचर, मग गट क्रमांक. जिल्हा चुकला की त्यातली सारी गावे एका फटक्यात बाद. किरणही असाच पेटीमागून पेटी उतरत जातो. २०१८ साली एनव्हिडिया कंपनीने जी आरटीएक्स नावाची कार्डे काढली, त्यांत हे पेट्या उतरण्याचे काम करणारा वेगळा विभागच चिपमध्ये कोरलेला आहे. जणू तलाठी कचेरीत उताऱ्यांसाठी स्वतंत्र खिडकी. जुन्या कार्डाला ही खिडकी नाही. परंतु त्याच्याकडे १,२८० सामान्य हिशेबनीस आहेत. तेच चित्र रंगवितात आणि सांगितले तर पेट्याही उतरतात. ‘होत नाही’ म्हणणे खोटे. एप्रिल २०१९ मध्ये त्याच कंपनीने आपल्या कार्ड चालविणाऱ्या प्रणालीत, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, बदल करून जीटीएक्स १०६० च्या सहा गिगाबाइटवाल्या कार्डाला आणि त्यावरच्यांना रे ट्रेसिंगची वाट मोकळी करून दिली. नातवाला हे ठाऊक होते, की दुकानदाराच्या तोंडून ऐकलेले त्याला सोयीचे वाटले, ते मी विचारले नाही. वाढदिवस जवळ आला की मुले सोयीचे तेवढे ऐकतात. मोठेही ऐकतात.

मी म्हटले, “चालवून दाखव.”

त्याने ‘क्वेक २ आरटीएक्स’ हा खेळ लावला. मूळ खेळ १९९७ चा. २०१९ च्या जूनमध्ये त्याला किरणांचा सारा साज चढवून नव्याने काढला, आणि पहिल्या तीन पायऱ्या फुकट दिल्या. (खेळात बंदुकांखेरीज काही नाही. मी त्या भिंतीच पाहत होतो.) आणि खरोखर, उजेड खरा होता! खिडकीतून आलेले ऊन फरशीवर पडले होते आणि त्या फरशीची तांबूस झाक छताला लागली होती. पण चित्र हलेना. सेकंदाला सात, कधी आठ. मान वळविली की दालन आधी थांबे, मग उडी मारी. नातू माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला. त्याचे कार्ड नापास झाले होते आणि तो आनंदात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेण्याद्रीला गेलो. डोळ्यांमुळे आक्काला पायऱ्या चढवेनात, म्हणून ती खाली बसून राहिली. वर गिरिजात्मजाच्या लेण्यात खांबावाचून एवढा मोठा मंडप. तोंड दक्षिणेला. मी पोराला आत उभे केले आणि विचारले, “येथे छतावर ऊन येते का?” नाही. “मग छत दिसते कसे?” त्याने थोडा वेळ फरशीकडे पाहिले, दाराकडे पाहिले. दारातून उजेड फरशीवर, फरशीवरून छतावर आणि भिंतींवर, आणि तेथून आपल्या डोळ्यांत. तो म्हणाला, “म्हणजे दुसरी उडी.” किरणाची दुसरी उडी पुष्कळ खोल्यांना पुरते, तिसरी-चौथी मोजली तर चित्र आणखी मऊ होते खरे, पण फरक ओळखायला सवयीची नजर लागते. एवढे बोलून आम्ही खाली आलो. आक्का म्हणाली, “काय रे, बाप्पा दिसला का नीट? मला इथूनच दोन दिसले असते.”

त्या रात्री मी एक शास्त्रीय सूचना केली आणि फजिती करून घेतली. म्हटले, चित्राची रुंदी निम्मी कर, उंची निम्मी कर. काम निम्मे होईल. पोराने अत्यंत सभ्यपणे सांगितले, “आजोबा, पाव होईल.” छत्तीस वर्षे मी मुलींना चौकटी आखून चित्र लहानमोठे करावयास शिकविले होते! असो. ठिपके पाव झाले, तशी चित्रे सेकंदाला सात-आठांवरून एकोणतीस-तीसवर गेली. उजेडाच्या उड्यांची पायरीही त्याने खालची ठेवली. लहान चित्र ताणून मोठ्या पडद्यावर बसविल्याने कडा किंचित बोथट दिसत, पण खेळ चालू लागला.

एक गोष्ट मात्र मला कळेना. त्याने गंमत म्हणून चित्र निवळण्याची व्यवस्था बंद करून दाखविली, आणि त्या सुंदर दालनावर मुंग्या आल्या. सगळीकडे काळेपांढरे कण. तो म्हणाला, हे खरे चित्र. एकेका ठिपक्याला किरण फार थोडे मिळतात, म्हणून असे दिसते. निवळलेले चित्र शेजारच्या ठिपक्यांकडून आणि आधीच्या चित्रांकडून उसने घेऊन भरलेले असते. नवी कार्डेही असेच करतात. एकेका ठिपक्याला शेकडो किरण सोडणे त्यांनाही पेलत नाही. मला अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवली. आक्काला ठिपके आता दिसत नाहीत, तरी तिचा हात पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी न चुकता जोडतो. मधली जागा ती सवयीने भरते.

पण पोराचे समाधान नव्हते. उसनवारीचे चित्र, जुने कार्ड, अर्धा पडदा. मित्राच्या घरी सगळे नवे. मी पुण्याला परतलो तेव्हा निकाल माझ्या विरुद्धच जाणार अशी चिन्हे होती.

फेब्रुवारीच्या २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, मी पुन्हा त्या बाजूला गेलो. जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडदला, ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे. त्या दिवशी लोकांना ती पाहावयास मिळते. नारायणगाव आम्हां जुन्या लोकांना तमाशांच्या राहुट्यांमुळे ठाऊक. दुर्बिणीसाठी तेथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ येतात याचे मला अजून नवल वाटते. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण कल्पिली आणि उभी केली. ते २०२० साली गेले. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन भुजांवर पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात, शेतांमधून, टेकड्यांजवळून. भ्रमणध्वनी बंद करावयास लावतात; आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण की आपल्या खिशातला गोंगाट त्याला बुडवील.

थाळीखाली उभे राहून नातू म्हणाला, “ही तर जाळी आहे! आरपार दिसतंय.”

तेथल्या एका तरुण इंजिनिअराने सांगितले, की ज्या लहरी आम्ही पकडतो त्यांची लांबी काही दशमीटरपासून मीटरपर्यंत. जाळीची भोके सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. त्या लहरीला ही जाळी अखंड पत्र्यासारखीच. पत्रा घातला असता तर वजन वाढले असते, वारा अडला असता, खर्च कितीतरी पटीने गेला असता. बारीक तारांची जाळी पोलादी दोऱ्यांनी ताणून थाळी केली. पोर जाळीकडे पाहत राहिले.

मग त्याने विचारले, की तीसच थाळ्यांनी पंचवीस किलोमीटरची दुर्बीण कशी होते? मधे तर सारी शेते. इंजिनिअर म्हणाला, दोन-दोन थाळ्यांच्या जोड्या लावायच्या. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी चित्राचा एकेक तुकडा सांगते. तरी तुकडे कमीच. पण पृथ्वी फिरते, तशा आकाशाच्या दृष्टीने या जोड्याही फिरतात आणि तासातासाला नवे तुकडे मिळत जातात. आठ-दहा तास जमविले की मोकळ्या जागा भरत येतात, उरलेले हिशेबाने निवळायचे.

“म्हणजे थोडे ठिपके, आधीचं साठवायचं आणि निवळायचं?” नातवाने विचारले.

“अगदी तेच.”

“आणि जोड्यांचा हिशेब कशावर करता?”

येथे मी वाचकांना सांगतो, की मला काही ठाऊक नव्हते आणि मी काही जुळवून आणले नव्हते. इंजिनिअराने सांगितले की दुर्बीण अद्ययावत केली तेव्हा या गुणाकारांसाठी ग्राफिक्स कार्डेच बसविली. एनव्हिडियाचीच, टेस्ला के ४० नावाची. २०१३ च्या पिढीतले कार्ड. पडद्याची तार लावायला त्याला जागासुद्धा नाही. पण त्यातली चिप त्याच काळच्या खेळाच्या मोठ्या कार्डांत होती तीच. सेकंदाला अब्जावधी आकडे येतात आणि ते येतील तसे, जागच्या जागी हातावेगळे करावे लागतात. साठवून नंतर पाहू म्हणण्याची सोय नाही. खेळातल्यासारखेच.

“माझ्या कार्डाहून तीन वर्षांनी जुनं!” नातू म्हणाला. तो मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग आपणहून हिशेब सांगू लागला. जुन्या कार्डावर काय काय होऊ शकते याची त्याने यादीच केली होती. मला त्यातले जे आठवते ते येणेप्रमाणे: ज्या खेळांत सावल्या, प्रतिबिंबे आणि उसळलेला उजेड यांची कळ वेगवेगळी आहे, त्यांत एकच निवडावे, तिन्ही लावू नयेत. त्याच्या मते उसळलेला उजेड निवडावा. हे लेण्याद्रीचे फळ, असे मी धरून चाललो आहे. ‘टिअरडाउन’ नावाचा एक स्वीडिश खेळ आहे, त्यात सारे जग लहान चौकोनी ठोकळ्यांचे असते. त्रिकोणांपेक्षा ठोकळ्यांच्या रांगेतून किरण नेणे सोपे, म्हणून तो खास खिडकी नसलेल्या कार्डावरही किरणांनीच रंगतो. ‘माइनक्राफ्ट’चीही तशी सोय हौशी लोकांनी केली आहे. आणि २०२२ साली आलेल्या ‘अनरिअल इंजिन ५’ या खेळ बनविण्याच्या प्रणालीत किरणांचा माग वस्तूंच्या ठोकळ आकारांवर काढण्याची रीत आहे. बारीक नक्षी दिसते पडद्यावर, किरण चालतो ठोकळ आकारावर. “जाळीसारखं,” तो म्हणाला.

यादीत कडू भागही होता आणि तो त्याने लपविला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स’चा खेळ आणि २०२५ च्या मे महिन्यात आलेला नवा ‘डूम’, यांना खास खिडकीवाले कार्डच लागते. त्याच्या कार्डावर ते उघडतच नाहीत. लिनक्सवर स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरात एएमडी कंपनीच्या काही जुन्या कार्डांना ही खिडकी नुसत्या हिशेबाने उभी करून दिली आहे, आणि त्यावर तो इंडियाना जोन्स चालतो. पण याचे कार्ड दुसऱ्या कंपनीचे. शिवाय त्याच्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांची सुधारणा करणारे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. आता सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत. “दोन वर्षांनी हे जाणारच, आजोबा. पण दोन वर्षं आहेत.”

घरी पोचल्यावर त्याने आक्काला सांगितले की मार्चात कार्ड नको.

मला वाटले होते की आक्काला आनंद होईल. ती रुसली! “माझ्या पैशाचं नको का तुला? बापाकडनं घेशील, आजीकडनं नाही?” पोर गांगरले. मीही गांगरलो. तिला नातवाला काही तरी मोठे द्यायचे होते; म्हातारपणी तशी संधी फार येत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी सारा वेळ तिच्या डोळ्यांचा हिशेब केला. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. शेवटी नातवानेच तोड काढली: “आजी, तू भिंग लाव. बारावीनंतर मला मोठ्या शहरात जायचंय. तेव्हा अख्खा संगणक तू घे.” आक्काने ते मान्य केले, आणि वर त्याला पाचशे रुपये देऊन त्या कार्डाचा घरघरणारा पंखा बदलायला लावला. कार्ड थंड राहिले म्हणजे दमत नाही, असे तो म्हणतो. पंखा मीही ऐकला होता. कांदे चाळण्याच्या यंत्रासारखा वाजे.

गुढीपाडव्यानंतर पुण्यात आक्काचा पहिला डोळा झाला. आठवडाभर ती आमच्याकडे होती. पट्टी निघाल्यावर पहिल्या तासात तिने आमच्या स्वयंपाकघराच्या छतावरची जळमटे, माझ्या शर्टावरचा जुना डाग आणि सौ.चे पांढरे केस अशा तीन गोष्टी मोठ्याने सांगितल्या. सौ. अजून त्यातल्या तिसऱ्याविषयी बोलते.

मे महिन्यात मी तिला मंचरला पोचवावयास गेलो. रात्री जेवणे झाल्यावर नातवाने मोठ्या उमेदीने तिला पडद्यापुढे बसविले. तेच दालन, तेच तांबूस छत. चित्र आता बऱ्यापैकी वाहत होते. त्याने एक दिवा फोडून विझवून दाखविला. आक्का नव्या डोळ्याने, दुसरा मिटून, पाहत होती.

“पुन्हा कर,” ती म्हणाली. त्याने पुन्हा केले.

“दिवा विझतोय,” आक्का म्हणाली, “पण भिंतीवरचा उजेड मागं रेंगाळतोय. आमच्या चिमणीचा नव्हता रेंगाळत.”

पोराने माझ्याकडे पाहिले. आधीच्या चित्रांतून उसना घेतलेला उजेड. खोडदचे आकाश एकाच जागी थांबून राहते, म्हणून तेथे दहा तास जमविता येते. येथे दिवा क्षणात विझतो आणि जमविलेले लगेच खोटे ठरते. ही खोड नव्या कार्डांतही थोडीफार आहे, असे तो म्हणाला. तेवढे ऐकून घ्यावयास आक्का थांबली नाही. तिला म्हशींना पेंड घालायची होती. नातू मात्र पुन्हा त्या दालनात शिरला, दिवा लावला, विझविला, आणि मी झोपावयास जाईपर्यंत कोठली कळ फिरविली म्हणजे भिंत लवकर काळी होते ते पाहत बसला होता.